टाकीत उतरण्याआधी चार प्रश्न



डोंबिवली, तळोजा, तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ. या औद्योगिक वसाहतींच्या आसपास आपल्या वस्त्या आहेत आणि त्या वस्त्यांमधली पोरे रोज सकाळी केमिकल कंपन्यांच्या गेटवर उभी राहतात. पुष्कळ जण कंपनीचे कामगार नसतात, ठेकेदाराची माणसे असतात. गेटवर हेल्मेट मिळते, रजिस्टरवर सही होते, सुपरवायझर दहा मिनिटांत नियम सांगतो. हेल्मेट घाला, सेफ्टी शूज घाला, मोबाइल बाहेर ठेवा, काडेपेटी आणि बिडी आत आणू नका. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन होतो, छातीला बिल्ला लागतो, शपथ घेतली जाते.

हे नियम बरोबरच आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण माणसे ज्या कामात जातात, त्या कामाचे नियम या दहा मिनिटांत बऱ्याचदा येतच नाहीत. टाकीत उतरणे, गाळ काढणे, पाइप उघडणे, ड्रम धुणे ही कामे ठेकेदाराच्या माणसाच्या वाट्याला येतात आणि ती करताना काय विचारायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. आरोग्य विभागाच्या या पानावर आम्ही या वेळी तेच सांगणार आहोत. घरात कोणी केमिकल कंपनीत जात असेल तर हे पान त्याला वाचून दाखवा. वाचून दाखवायला पाच-दहा मिनिटे पुरतात.

टाकीतली हवा डोळ्यांना दिसत नाही

बहुतेक केमिकल कंपन्यांत सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा विभाग असतो. कामगार त्याला ईटीपी म्हणतात. त्याच्या टाक्यांच्या तळाशी गाळ साचतो. हवा न लागता गाळ कुजला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये आपल्या माणसांचे जीव घेणारा वायू तो हाच.

या वायूची फसवणूक समजून घ्या. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पडते. उतरणारा म्हणतो, "वास गेला, आता हरकत नाही." खरे तर त्याच वेळी धोका सर्वांत जास्त असतो. प्रमाण फार वाढले तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. दुसरी गोष्ट, गाळावर साय धरलेली असते. वरून हवा तपासली तेव्हा काही सापडत नाही आणि फावडे मारताच किंवा पाय रुतताच आत कोंडलेला वायू एकदम बाहेर येतो. म्हणून एकदा तपासून भागत नाही. काम चालू असेपर्यंत गॅस मोजणारे मीटर उतरलेल्या माणसाच्या अंगावरच हवे.

केमिकलच्या रिॲक्टरमध्ये आणि साठवणुकीच्या टाक्यांमध्ये आणखी एक गोष्ट असते, नायट्रोजन. आग लागू नये म्हणून तो आत भरतात. त्याला वास नाही, रंग नाही, तो विषारीही नाही. पण तो प्राणवायूची जागा घेतो. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर साध्या मास्कवर आत जायचे नाही. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत नुसते डोके घातले तरी एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते. तेवढ्या वेळात कोणी फायर ब्रिगेड गाठत नाही.

चार प्रश्न

कोणी सांगितले, "जरा आत उतर, पाच मिनिटांचे काम आहे," तर हे चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: परमिट कुठे आहे? बंदिस्त टाकीत माणूस उतरवण्याआधी ती वायूपासून मोकळी आहे, असे जाणकार माणसाने लेखी द्यायचे असते. नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वासाचा संच आणि कमरेला दोरी बांधलेला पट्टा हवा. १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ३६ मध्ये हे स्पष्ट लिहिलेले होते. तोंडी "सगळे चेक केले आहे" याला परमिट म्हणत नाहीत.

दुसरा प्रश्न: मीटर दाखवा. प्राणवायू किती, विषारी वायू किती, पेट घेणारा वायू किती, आणि तो वर, मध्ये, तळाशी अशा तिन्ही ठिकाणी मोजला का? बुद्धांनी धम्माबद्दलसुद्धा 'एहिपस्सिको' म्हटले, या आणि स्वतः पाहा. ज्या माणसाला धम्म तपासून घ्यायला सांगितले आहे, त्याने सुपरवायझरचा शब्द न तपासता का घ्यावा? मीटरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

तिसरा प्रश्न: या टाकीला जोडलेले पाइप कसे बंद केले? नुसता व्हॉल्व्ह फिरवून भागत नाही. व्हॉल्व्ह गळतो, कोणीतरी चुकून उघडतो. पाइपच्या जोडावर लोखंडी ब्लाइंड मारलेली हवी किंवा पाइप सोडवलेला हवा. आत फिरणारे पाते असेल तर त्याची वीज तोडून स्विचला कुलूप लावायचे आणि त्या कुलपाची किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात ठेवायची. आतला दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा नको.

चौथा प्रश्न: मला बाहेर कोण काढणार? बाहेर एक माणूस सतत उभा हवा. त्याच्या हातात दोरीचे टोक हवे, शक्यतो तिपाई आणि कप्पी हवी. त्याने चहाला जायचे नाही, दुसरे काम करायचे नाही, आणि काहीही झाले तरी आत उतरायचे नाही.

चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसेल तर उतरू नका. टाकीत हवा खेळवण्यासाठी ब्लोअर लावतात, ते योग्य आहे. पण काही ठिकाणी वेल्डिंगचा ऑक्सिजन आत सोडतात. तसे कधीही करू देऊ नका. ऑक्सिजन वाढला की कपडेसुद्धा ठिणगीने भडकतात.

साथीदार पडला तर मागे उडी घेऊ नका

हा नियम ऐकायला कठोर वाटतो, म्हणून तो वेगळा लिहितो. टाकीतल्या मृत्यूंच्या बातम्या आठवा. क्वचितच एक जण गेलेला असतो. दोन, तीन, चार जण गेलेले असतात. पहिला पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, दोघांना काढायला तिसरा. कधी ते सख्खे भाऊ असतात, कधी बापलेक, कारण ठेकेदार एकाच घरातली माणसे कामावर आणतो. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेने १९८६ साली इशारा दिला होता की, अशा बंदिस्त जागांत मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून अधिक माणसे वाचवायला गेलेली असतात.

मागे उडी घेणारा भित्रा नसतो, मायेचा असतो. पण ज्या हवेने पहिला पडला, तीच हवा दुसऱ्याची वाट पाहत असते. अशा वेळी आधी आरडाओरडा करून माणसे जमवा. दोरी बांधलेली असेल तर बाहेरून ओढा. ब्लोअर चालू करा. कंपनीच्या फायर विभागाला आणि १०१ व १०८ वर कळवा. पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला संच घातलेला, त्याचे शिक्षण घेतलेला माणूसच आत जाईल. रुमाल, गमछा, ओले फडके, कापडी मास्क यातून वायू आरपार जातो. बाहेर काढल्यावर माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, दोन इंच खोल दाब द्यायला लागा. विषारी वायूने पडलेल्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका.

आधी पाणी, मग दवाखाना

आमच्यापैकी ज्यांनी अपघात विभागात रात्रपाळ्या काढल्या, त्यांनी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे: अंगावर ॲसिड उडालेल्या माणसाला रिक्षात घालून तासभर प्रवास करून आणतात आणि त्याच्या अंगावर तेच भिजलेले कपडे असतात. वाटेवरचा तो सगळा वेळ ॲसिड आपले काम करत राहते.

अंगावर किंवा डोळ्यांत केमिकल उडाले की त्याच क्षणी, त्याच जागी वाहत्या पाण्याखाली जा. घड्याळ लावून किमान २० मिनिटे. कपडे, घड्याळ, बूट पाण्याखालीच काढा. शर्ट डोक्यावरून ओढू नका, कापून काढा, नाहीतर तोंडावरही केमिकल लागते. डोळ्याच्या पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवा आणि पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही असे डोके वळवा. ॲसिडवर सोडा, जखमेवर हळद, टूथपेस्ट, शाई यातले काही नको. चुन्यासारखी कोरडी भुकटी असेल तर आधी झटकून टाका, मग भरपूर पाणी. सोडियमसारखा धातू मात्र पाण्याने पेटतो, म्हणून आपण कशाबरोबर काम करतो त्याचे नाव माहीत असणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. हायड्रोफ्लोरिक ॲसिडची जखम सुरुवातीला दुखतसुद्धा नाही आणि आत हाडापर्यंत जाते. त्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम लागते. जिथे ते ॲसिड वापरतात तिथे मलमाची ट्यूब कुठे आहे हे कामाला लागल्याच दिवशी पाहून ठेवा.

कंपनीतला शॉवर आणि डोळे धुण्याचा नळ डोळे मिटून पोहोचता येईल इतका जवळ हवा, आणि पाळी सुरू होताना तो सोडून पाहायचा असतो. महाड म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो, पाण्याच्या हक्काचा लढा आठवतो. त्याच महाडच्या औद्योगिक वसाहतीत ३ नोव्हेंबर २०२३ रोजी औषध कंपनीत स्फोट आणि आग होऊन कामगार मृत्युमुखी पडले. कामाच्या जागी नळाला पाणी आहे का, हे विचारणे म्हणजे भांडखोरपणा नव्हे. तो आपला जुनाच प्रश्न आहे.

नाव विचारा, नाव लिहून ठेवा

भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री वायू सुटला, तेव्हा दवाखान्यांत हजारो माणसे आली आणि डॉक्टरांना नेमका कोणता वायू, त्यावर काय उपचार, हे सांगितले गेले नव्हते. त्याआधी तीन वर्षे, डिसेंबर १९८१ मध्ये, त्याच कारखान्यात फॉस्जीन अंगावर उडून एक कामगार मेला होता. या वायूचा गुण असा की, सुरुवातीला माणूस बरा दिसतो, काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरते.

म्हणून ड्रमवरच्या लेबलचे नाव वहीत लिहा. आत मोबाइल चालत नसेल तर कागदावर उतरवून घ्या. प्रत्येक केमिकलचे माहितीपत्रक कंपनीकडे असते, ते मागा आणि मराठीत समजावून घ्या. दवाखान्यात जाताना ते नाव सोबत न्या. क्लोरीन, फॉस्जीन किंवा तपकिरी धूर छातीत गेला असेल तर "आता बरे वाटते" म्हणून घरी जाऊ नका, दिवसभर देखरेखीखाली राहा. डाय आणि औषधांच्या कारखान्यात ॲनिलिनसारखी रसायने कातडीतून शरीरात जातात आणि रक्तातला प्राणवायू अडवतात. सावळ्या कातडीवर निळेपणा कळत नाही, म्हणून ओठ, जीभ आणि नखे पाहा. कीटकनाशकांच्या कारखान्यात घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, पोटात कळा दिसल्या तर लगेच कपडे काढून अंग धुवा आणि दवाखाना गाठा.

काही कंपन्या कामगाराला गूळ आणि दूध देतात. खायला चांगले आहे, जरूर खा. पण गुळाने फुफ्फुसातली धूळ निघत नाही आणि दुधाने विष उतरत नाही. गूळ मिळाला म्हणून मास्क सोडू नका. मास्कच्या डबीवर कोणत्या वायूसाठी आहे ते लिहिलेले असते, डबीची मुदत असते, आणि दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही.

घर आणि वस्ती

कामाचे कपडे कंपनीत बदला, अंघोळ करून घरी या. ते नसेल तर निदान कपडे वेगळ्या पिशवीत आणा, वेगळे धुवा, लेकराला त्या कपड्यांनी कडेवर घेऊ नका. ते कपडे बहुतेक घरांत बायकाच धुतात, म्हणून हा नियम त्यांच्याही आरोग्याचा आहे. पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या भगिनींनी ओढणी, पदर आणि केस मशीनपासून बांधून ठेवावेत. मशीन चालू असताना ते साफ करायला कोणी सांगितले तर करू नये. स्त्रियांकडून चालते मशीन साफ करून घ्यायला कारखाना कायद्याच्या कलम २२ नेच मनाई केली होती. दिवस गेले असतील तर कोणत्या रसायनाशी संबंध येतो ते डॉक्टरांना सांगा.

वायू सुटल्याचा भोंगा झाला तर आधी वारा कुठून येतो ते पाहा. कंपनीत त्यासाठी उंचावर कापडी पिशवी लावलेली असते. वाऱ्याच्या दिशेने पळू नका, आडवे पळा, मग वाऱ्याच्या उलट बाजूला जा. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, सखल जागी आणि नाल्यात साचतो, म्हणून उंचावर जा. डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन मोठे स्फोट झाले, दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे गेली आणि दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. कंपनीतून धूर दिसला तर मोबाइल घेऊन खिडकीत उभे राहू नका. काचेपासून लांब, आतल्या खोलीत जा.

ठेकेदाराचा माणूसही कामगारच

"तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस," हे वाक्य कायद्यात बसत नाही. १९४८च्या कायद्यात कामगार या शब्दाच्या व्याख्येतच ठेकेदारामार्फत आलेला माणूस धरलेला होता. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता आली आहे. कायद्याचे नाव बदलले तरी दोन हक्क तिच्यातही आहेत. सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क, आणि जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो मालकाच्या आणि सरकारी निरीक्षकाच्या नजरेला आणून देण्याचा हक्क. शक्यतो लेखी द्या, तारीख घाला, चार जणांच्या सह्या घ्या. आपल्या राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि कंपनी ईएसआयखाली येत असेल, तर आपला विमा क्रमांक मागून घ्या. कामावरच्या अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली ही अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी उपचार आणि बरे होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मूळ कंपनीवर ती जबाबदारी येते. म्हणून अपघात झाला की अपघात रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या. "घरी पडलो असे दवाखान्यात सांग, खर्च आम्ही करतो," असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. केसपेपरवर एकदा घरी पडल्याचे लिहिले की पुढे हक्क मागणे फार अवघड होते.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या माणसाच्या तोंडाचा स्पर्श इतरांना विटाळ वाटे. पगार त्याच खात्यात जास्त होता. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि १९४६च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. थकलेला माणूस चुकतो आणि चुकलेला माणूस जायबंदी होतो, म्हणून कामाचे तास हाही सुरक्षेचाच नियम आहे. तेव्हा चांगल्या पगाराच्या खात्यातून जातीने आपल्याला बाहेर ठेवले. आज गाळाच्या टाकीत कोणाला उतरवतात ते आपापल्या कंपनीत पाहा, म्हणजे जात कुठे गेली याचे उत्तर मिळेल.

एकटा पोरगा सुपरवायझरला चार प्रश्न विचारायला घाबरतो, कारण उद्याची हजेरी जाईल. पाच जणांनी मिळून विचारले तर तेवढे अवघड जात नाही. म्हणून आमची विनंती अशी: येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास काढा. वस्तीतले कोण कोणत्या कंपनीत, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या केमिकलवर काम करतात याची यादी एका वहीत लिहा. चार प्रश्न पाठ करून घ्या, लहान मुलांकडूनही म्हणवून घ्या. छाती दाबण्याचा सराव उशीवर करून पाहा. पहिले शील जीवहिंसेपासून दूर राहायला सांगते. त्या जिवांमध्ये आपला आणि आपल्या साथीदाराचा जीवही येतो.